डावी बाजू वर

साबाएच्या सभागृहामागे,
एरवी जिथे म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजतात त्या खोलीत
त्सुबोकावा किनुएबाई मला गुंडाळताहेत.
तीन दोऱ्या दातांत धरल्यात, आई पिना धरायची तशा,
त्यामुळे सगळं बोलणं नाकातून.

आधी टॉवेल. एक, दोन, तीन, पोटाभोवती.
हे कशाला?
"कंबर आहे ना तुला, ती घालवायची."
सदतीस वर्षं जी दिसावी म्हणून श्वास रोखत आले
ती त्यांनी दोन मिनिटांत बुजवली.
आता मी खांब.
सरळ, रस्त्याकडेचा, टेलिफोनचा.

मागच्या मंगळवारी विचारलं होतं, "लग्न?"
बाह्या किती लांब ते त्यावर ठरतं.
मी व्याकरण आठवून म्हटलं, "होतं."
या भाषेत भूतकाळाला शेवटी एक 'ता' पुरतो.
त्यांनी कपाट उघडलं.
लांब बाह्यांचा, सारस उडणारा, कुमारिकांचा: तो मिटला.
आखूड बाह्यांचा, काळा, घराण्याची पाच चिन्हं असलेला: तोही मिटला.
मग तळातून काढला राखाडी, गवताच्या पात्यांचा.
"माझा आहे. चहाचा डाग आहे, पण तो पट्ट्याखाली जातो."
पुढे काहीच विचारलं नाही.

आज जरा मदत करावी म्हणून
मीच पुढच्या दोन्ही कडा ओढून मिटल्या
तर फाडकन हातावर चापट.
"उजवी वर मेलेल्यांची.
जिवंत माणसाची डावी."

आणि दातातली दोरी काढून, माझ्याकडे न बघता:
"मार्चमध्ये बहिणीला मीच नेसवला.
हाताला सवय नव्हती ना. डावीच वर यायची.
तीनदा सोडला.
शेवटी अंत्यविधीवाला पोरगा म्हणाला, आजी, मी करू का."
मग पट्टा हातावर घेऊन,
"सोड श्वास."
सोडला.
परत घ्यायला जागा उरली नव्हती.

मंचावर नऊ कोतो, तेरा-तेरा तारांचे.
माझ्या वाट्याला एकूण बावीस सूर.
दुसऱ्या रांगेत आमच्या चष्म्याच्या कारखान्याचे नोझुए,
दिवसभर बिजागरीतले स्क्रू तपासणारे डोळे
आता माझ्यावर.
पाय कधीच बधिर झालेले. अकरा सूर नीट गेले.
बाराव्याला हात लांबवला आणि बाहीनं
सातव्या तारेखालची घोडी पाडली.
खट्.

नऊ बायकांत एकीचीही मान हलली नाही.
शेजारून किनुएबाईंचा डावा हात आला,
घोडी उभी केली, परत गेला.
उजवा वाजवतच होता.
ती तार मात्र अर्धा सूर उतरली होती
आणि मी ती तशीच वाजवत राहिले, शेवटपर्यंत,
कारण त्या बावीस सुरांपलीकडे मला काही येत नव्हतं.

नोझुए भेटायला आले. वाकले.
"अगदी जपानी दिसता."
मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, सावळी, आणि मघाशीच खट्.
त्यांना बहुधा दुसरं वाक्य सुचलं नसावं.
मीही वाकले, पट्टा वाकू देईल तेवढी.

सोडताना टॉवेल निघाले, गरम, घामानं ओले.
बरगड्यांवर दोऱ्यांचे वळ.
कंबर परत आली, पण आता तिचं काय करायचं
ते चटकन सुचेना.
किनुएबाई जमिनीवर गुडघे टेकून घडी घालत होत्या,
शिवणीवर शिवण.
"डाग दिसला नाही ना कुणाला?"
नाही म्हटलं.
घोडीबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही.

बाहेर सायकलच्या सीटवर दव.
कोटाची बटणं लावू लागले आणि थांबले.
उजवी वर.
बायकांचे कोट असेच शिवतात.
हा पुण्यात घेतलेला, सहा हिवाळे घातलेला,
एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

डावी वर घेऊन पाहिली. काजी भलतीकडे.
नदीवरून वारा येत होता.
लावली बटणं, गळ्यापर्यंत,
आणि निघाले.